चष्मेवाल्या बाई जेवायला येतात

रविवारी सकाळी नाना शीळ घालत दाढी करत होते. ती ऐकून सूनबाईने गॅस बारीक केला आणि कान दिला. या घरात येऊन तिला वीसेक वर्षं झाली होती. सासऱ्यांचं खोकणं, घोरणं, जुन्या वस्तूंच्या दलालांशी फोनवर तावातावाने भांडणं, सगळं तिला पाठ होतं. शीळ मात्र नवीन होती, आणि चक्क सुरात होती.

"ऐकतोयस का?" ती नवऱ्याला म्हणाली.

थोरल्याने वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही. "कुकर आहे."

"कुकर मी लावलेलाच नाही. नाना आहेत."

मग त्यानेही ऐकलं. "आज ती चष्मेवाली येणार ना जेवायला. ते डोकं मिळणार म्हणून स्वारी खूश आहे. मिळू दे बाबा एकदाचं."

ते डोकं या घरात न येताही गेली तीस वर्षं घरातच होतं. नाना दातांचे डॉक्टर. दवाखाना कधीच बंद झाला होता, पण तळमजल्यावरच्या त्या मोठ्या खोलीला अजून सगळे दवाखानाच म्हणत. रोग्यांच्या दातांचे साचे ठेवायला केलेले उथळ लाकडी खण तिथे जमिनीपासून छतापर्यंत होते, आणि त्यांत आता दातांऐवजी भाजक्या मातीच्या जुन्यापुराण्या मूर्ती निजलेल्या होत्या. बैल, मेंढे, गाड्यांची चाकं, मणी, मुद्रा, आणि बायका, असंख्य बायका. त्यांच्या पाठी सपाट, कारण साच्यात माती दाबायची ती पुढूनच. कुणाकुणाच्या पाठीवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराच्या अंगठ्याचा ठसा. मुलांची आई त्यांना 'मंडळी' म्हणायची. आठ वर्षांपूर्वी ती गेली, पण तो शब्द राहिला.

मंडळींत सगळ्यांत लाडकी पोपटवाली. वितभर उंची, हातावर पोपट, कमरेला मण्यांचा पट्टा, आणि मान संपते तिथून पुढे काहीच नाही. नानांचं ठाम मत होतं की तिचं डोकं त्या चष्म्याच्या दुकानवाल्या बाईंकडे आहे. बाईंचं मत होतं की तसं असेल तर धडच त्यांच्याकडे यायला हवं. दोघांना एकाच वस्तूंचं वेड, एकाच बाजारातल्या फेऱ्या, आणि नाना जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरावेत तर बाई नेमक्या बाहेर पडत असाव्यात, हातात पुडकं आणि चेहऱ्यावर हसू घेऊन. या घरातली मुलं राक्षसाच्या गोष्टी ऐकून वाढली नाहीत. ती चष्मेवालीच्या गोष्टी ऐकून वाढली.

नाना बाहेर आले ते कोऱ्या निळ्या शर्टात. कॉलरला दुकानाची टाचणी तशीच होती. सूनबाईने ती काढली.

"कसा दिसतो?" नानांनी विचारलं.

"टाचणी काढल्यावर बरे दिसताय," ती म्हणाली, आणि तिच्या मनात पहिल्यांदा शंका आली. डोक्यासाठी माणूस शर्ट आणत नाही.

नानांची लेक, ताई, बाराच्या सुमाराला आली. ती वकील. आल्या आल्या तिने वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं.

"खरं सांग, काय शिजतंय?"

"बटाट्याचं सूप."

"ते नाही गं. विकायला काढलंय का नानांनी काही? संग्रहालयाशी सगळं ठरलंय. मंडळी तिकडे जाणार, वेगळी खोली होणार आणि खोलीला आईचं नाव लागणार. आता ही बया मध्येच कशाला?"

"मला काही माहीत नाही," सूनबाई म्हणाली. "पण सकाळपासून शीळ चालू आहे."

"नानांची?"

"नानांची."

ताई ओट्याला टेकली. कोर्टात समोरच्याने नको तो साक्षीदार उभा केला की ती अशीच टेकायची.

बेल वाजली. दार उघडायला नाना निघाले, पण थोरला जवळ होता. दारात एक ठेंगणी बाई उभी होती. पांढरे केस मुलासारखे बारीक कापलेले, एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर, एक गळ्यात साखळीला, आणि दोन्ही हातांत छातीशी धरलेला स्टीलचा डबा. तिने नमस्कार वगैरे काही केला नाही. थोरल्याच्या तोंडाकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"तुमचा डावा कान उजव्यापेक्षा खाली आहे," ती म्हणाली. "कुणी सांगितलं नाही कधी?"

"नाही."

"म्हणून चष्मा तिरपा बसतो आणि संध्याकाळी डोकं दुखतं. दुखतं ना? हा डबा धरा. आडवा करू नका, आत बाई आहे. चष्मा द्या इकडे."

पर्समधून तिने नखाएवढा स्क्रूड्रायव्हर काढला, उंबरठ्यावर उभ्या उभ्याच काडी वाकवली, स्क्रू आवळला आणि चष्मा परत त्याच्या नाकावर चढवला. थोरल्याने घराकडे वळून पाहिलं. भिंती सरळ झाल्या होत्या. पूल बांधणारा माणूस तो, तिरकं त्याला सहन होत नसे, आणि इतकी वर्षं सगळं जरा तिरकंच पाहत होता.

"या ना," तो म्हणाला, "आत या," आणि ताईने कपाळाला हात लावला. पहिला गडी दारातच पडला होता.

जेवायला सहा जण. नाना, बाई, थोरला, सूनबाई, ताई, आणि नानांच्या थोरल्या बहीण आत्या. आत्यांना ऐकू कमी यायचं, पण कोणतं ऐकायचं आणि कोणतं नाही हे त्या स्वतः ठरवत.

सूप वाढून झालं. नानांनी चमचा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "गार होईल," त्या म्हणाल्या. "सांगून टाका आणि प्या."

"आम्ही लग्न करतोय," नाना म्हणाले.

आत्यांनी सूपचा घोट घेतला. "कोणाचं लग्न?"

"माझं, आक्का."

"कोणाशी?"

"यांच्याशी."

आत्यांनी बाईंना नीट न्याहाळलं. "तीच ना ही? तुझ्या हातातला मेंढा ओढला होता ती? शिंग मोडलं होतं बघ."

"मेंढा माझ्या हातात होता," बाई म्हणाल्या. "ओढला यांनी."

"असेल," आत्या म्हणाल्या. "बंड्या लहानपणापासून ओढाओढी करतो. मीठ दे जरा."

थोरल्याला हसू फुटत होतं. ते दाबायला त्याने बहिणीकडे पाहिलं आणि त्याचं हसू विरलं. ताई ताटाकडे बघत होती. तिने घडी केलेला रुमाल ताटाशेजारी ठेवला, खुर्ची मागे सारली, आणि जिना उतरून दवाखान्यात गेली.

नाना उठू लागले. बाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "बसा. मी जाते."

"ती वकील आहे," नाना म्हणाले.

"माझ्या दुकानात रोज वकील येतात," बाई म्हणाल्या. "जवळचं कुणालाच दिसत नाही."

दवाखान्यात ताई खिडकीजवळच्या बेसिनशी उभी होती. या बेसिनमध्ये नाना दातांचे साचे धुवायचे आणि आई मंडळींना धुवायची. मंडळी घरी आली की चिखलाने माखलेली असायची. आई नानांच्या दाढीचा जुना ब्रश घ्यायची, कोमट पाण्याच्या धारेखाली एकेकीला हळूहळू उघडी करायची, आणि तोंडाने बडबड चालू. आली बघ, हिचं नाक शाबूत आहे हो. त्या बडबडीसाठी ताई शाळेतून पळत घरी यायची.

मागे पावलं वाजली. ताईने वळून पाहिलं नाही.

"त्या खोलीला आईचं नाव लागणार आहे," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत असेलच."

"माहीत आहे. तीच तर माझी अट आहे." बाई रोग्यांचे दात काढायच्या जुन्या खुर्चीच्या हातावर टेकल्या. "यांची मंडळी यांच्या बायकोच्या नावाने जाणार. माझी वेगळी, ती मी कुणाला द्यायची ते बघेन. हे आधी कबूल केलं, मग मी हो म्हटलं. तुम्ही वकील आहात, पक्कं करून घ्या. मी सही करते."

ताई वळली. तिने युद्धाची तयारी केली होती आणि समोरच्याने गडाचं दार उघडून चहा विचारला होता. ती जरा चिडलीच.

"आईचा तुम्हाला एवढा पुळका कशाला? तुम्ही तिला ओळखत तरी होता का?"

बाईंनी नाकावरचा चष्मा काढला आणि डोक्यावरचा नाकावर ओढला. "त्यांचा नंबर अजून आठवतो मला. उजवा डोळा जास्त. दर दोन वर्षांनी माझ्याकडेच यायच्या. घरी सांगायच्या, स्टेशनजवळच्या दुकानातून केला."

"आई? तुमच्याकडे?"

"पहिल्यांदा आल्या तेव्हा मी घाबरले. म्हटलं, भांडायला आल्या. तर म्हणाल्या, चष्मा करा, आणि एक काम करा. पुढच्या आठवड्यात आमचे हे अमक्याच्या दुकानात बैलांचा अख्खा ढीग घ्यायला जाणार आहेत. तुम्ही आधी जाऊन घेऊन टाका. माझ्या घरात आता उशी ठेवायला जागा नाही."

ताईची नजर भिंतीवरच्या खणांकडे गेली.

"दर वेळी सांगायच्या," बाई म्हणाल्या. "हे कुठे जाणार, कधी जाणार, कशावर डोळा आहे. चांगली वस्तू असेल तर सांगायच्या, ही त्यांना घेऊ द्या, जीव टाकलाय त्यांनी तिच्यावर. पोपटवालीच्या वेळी मला घरी बसायला लावलं होतं त्यांनी. बाकीचं सगळं मी उचलायचं. मी काय, मला हवंच होतं."

"म्हणजे इतकी वर्षं नाना जिथे जातील तिथे तुम्ही आधी..."

"हो."

"आणि नाना म्हणायचे, त्या बाईला वास येतो वस्तूंचा. जमिनीखालचं दिसतं तिला."

"अजूनही म्हणतात," बाई म्हणाल्या. "म्हणून तर लग्न करताहेत."

ताईला वाटलं, रडू येतंय. ते हसू होतं, आणि ते थांबेना. तिने बेसिनचा काठ धरला. उशी ठेवायला जागा नाही हे तिला आईच्या आवाजात, आईच्या हेलात ऐकू आलं होतं, आठ वर्षांनी, कोरं करकरीत. ती हसता हसता खाली फरशीवर बसली आणि डोळे पुसू लागली. बाईही हसू लागल्या, गळ्यातला आणि नाकावरचा चष्मा एकमेकांवर आपटेपर्यंत.

"त्यांना माहीत आहे?" ताईने कसंबसं विचारलं.

"वेड लागलंय का? मान राहील का माझा? आणि तुम्हीही बोलायचं नाही."

"मेले तरी नाही," ताई म्हणाली.

वरून बाकीचे आले तेव्हा त्यांना वाटलं होतं की भांडण सोडवावं लागेल. थोरल्याने आत्यांचा हात धरला होता. नानांच्या हातात डबा होता, चेहरा उतरलेला होता. समोर लेक आणि होणारी बायको फरशीवर शेजारी शेजारी बसून नाक पुसत होत्या.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाली. "नाना, डोकं बसवून बघायचं ना?"

नानांना बायकांचं हे कधीच कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायची ही वेळ नव्हती. त्यांनी पोपटवालीला खणातून काढून टेबलावरच्या मऊ कापडावर ठेवलं. बाईंनी डबा उघडला. कापसात लिंबाएवढं डोकं होतं, रुंद कपाळ, कानांत चकत्या, ओठ किंचित विलगलेले. नानांनी आजवर ते बाईंच्या दुकानाच्या काचेतूनच पाहिलं होतं. या डोक्यावर त्यांनी सभांमधून भाषणं दिली होती, दोन मित्र तोडले होते. हजारो दाढा काढलेले हात त्यांनी नव्या शर्टाला पुसले.

त्यांनी डोकं मानेवर टेकवलं.

ते बसलं नाही. नुसतं बसलं नाही असंही नाही, ते कुठल्याच बाजूने बसणारं नव्हतं. मान बोटाएवढी आणि डोकं भोपळ्यासारखं. वाटीवर हंडा ठेवावा तसं. नानांनी ते जरा फिरवलं. आता पोपटवाली गालगुंड झाल्यासारखी खांद्यामागे बघू लागली.

थोरला तोंडावर मूठ धरून उभा होता. तीस वर्षं, नानांच्या मनात आलं. तीस वर्षं मी जगाला सांगितलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई ओठ घट्ट मिटून छताकडे बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

"तुम्हाला माहीत होतं," नाना म्हणाले.

"अंदाज होता. मापाचा धंदा आहे माझा."

"मग बोलला का नाही?"

"बोलले असते तर तुम्ही दर रविवारी दुकानाच्या काचेशी उभं राहून भांडायला आला असता का?"

नानांनी हातातल्या डोक्याकडे पाहिलं. मग कुठून कुणास ठाऊक, त्यांच्या नाकातून फुस्स करून हवा सुटली, आणि ते दातांच्या खुर्चीवर जे बसले ते हसून हसून आडवे झाले. त्यानंतर कुणाला धरबंध राहिला नाही. ताईने सुट्या डोक्यांचा खण बाहेर ओढला. थोरल्याने पोपटवालीला मेंढ्याचं डोकं लावून पाहिलं आणि ते बरं दिसतं असं सूनबाईचं मत पडलं. हत्ती लावला. दाढीवाला लावला. आत्यांनी चष्मा मागून घेतला आणि दाढीवाल्याकडे निरखून म्हणाल्या, "हा आपल्या मामांसारखा दिसतो," आणि तो खरंच दिसत होता.

"अहो, माझ्याकडे सुटी डोकी पोत्यानं आहेत," बाई डोळे टिपत म्हणाल्या. "त्यांत असेल हिचं."

"मग बघूच की," नाना म्हणाले. "मी तिकडे आलो की रोज दुपारी दोन-दोन डोकी लावून बघू."

"तिकडे म्हणजे?" थोरल्याने विचारलं. त्याच्या हातात हत्ती होता.

"दुकानावरच्या जागेत. यांच्या घरी. मी तिकडे राहायला जाणार आहे."

"नाना सासरी जाणार," ताई म्हणाली आणि पुन्हा हसत सुटली. सूनबाईही हसली. थोरला हसला नाही. त्याने हत्ती खणात ठेवला, इतका हळू की काही आवाज झाला नाही.

त्याला वाटलं होतं, एक माणूस घरात वाढेल. माणूस कमी होईल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. या खोलीवरून त्याने वडिलांशी उभा जन्म वाद घातला होता. इथे गाडी ठेवता येईल, इथे भाडेकरू ठेवता येईल, ही माती किती दिवस सांभाळायची. रोज ऑफिसातून आल्यावर तो खाली डोकावायचा, दिव्याखाली नानांची वाकलेली पाठ दिसायची, तो म्हणायचा, "जेवायला चला," आणि नाना म्हणायचे, "आलो आलो," आणि यायचे नाहीत.

"इथे काय कमी आहे?" तो म्हणाला. "तुम्ही दोघं इथे राहा. वरची खोली देतो."

"दुकान सोडून मी कुठे येऊ?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "सकाळी शटर मीच उघडते."

"लोक म्हणतील, मुलाने बापाला बाहेर काढलं."

"लोकांना म्हणावं, बाप पळून गेला," नाना म्हणाले. मग मुलाचा चेहरा पाहून ते खुर्चीवरून उठले. "अरे, चार चौक पलीकडे तर आहे."

"आणि मंडळी?"

"मंडळी येतील माझ्याबरोबर. संग्रहालयात जायच्या आत त्यांची नीट मांडणी करायची आहे. टेम्पो सांगतो."

"टेम्पो?" थोरला म्हणाला. तो खिडकीशी गेला, परत आला. "टेम्पो नाही. भाजलेली माती आहे ती, नाना. रस्त्याचे हादरे बघितलेत का? एक खड्डा लागला तर सगळ्यांच्या माना मोडतील. मी नेणार. माझ्या गाडीतून. एका खेपेला एकच खण."

"बरं. रोज एक खण."

"रोज मला वेळ नसतो. रविवारी."

नाना थांबले. त्यांनी भिंतभर पसरलेल्या खणांकडे पाहिलं. सूनबाई शाळेत गणित शिकवायची. तिने मनातल्या मनात भागाकार केला आणि नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो लाजला.

"आणि पावसाळ्यात?" नानांनी विचारलं.

"पावसाळ्यात मुळीच नाही. ओल बाधते."

"खण भरून द्यायला मला यावं लागेल इकडे."

"यावंच लागेल. आम्हाला काय कळतंय त्यातलं. सकाळी या, खण भरा, जेवा, मग दुपारी नेऊ."

नानांनी बाईंकडे पाहिलं. बाई तिसरा चष्मा चढवून वरच्या रांगेपासून खालपर्यंत खण मोजत होत्या.

"सगळे माझ्याकडे पोचेपर्यंत मी नव्वदीची होईन," त्या म्हणाल्या.

"चालेल का?" थोरल्याने त्यांना विचारलं. नानांना नाही, त्यांना.

"चालेल," बाई म्हणाल्या. "फक्त रविवारी कधी सूप नको. मला आवडत नाही."

सूनबाई म्हणाली की तिलाही आवडत नाही, नानांना आवडतं म्हणून करते. नाना म्हणाले, त्यांना वाटायचं तिला आवडतं.

मग पहिला खण कोणता यावरून जुंपली. नानांना गाड्या आणि चाकं न्यायची होती. ताईने सांगितलं, पोपटवाली शेवटी जाईल, आणि त्यावर चर्चा नाही. आत्यांना बैल हवे होते, आणि त्या कुठेही जाणार नसून बैल त्यांना कशाला हे त्यांनी सांगितलं नाही. शेवटी बाईंनी खुळखुळ्यांचा खण निवडला. पोकळ मातीचे पक्षी, घोडे, एक गोल पोटाचा बुटका माणूस, आणि प्रत्येकाच्या पोटात मातीच्या गोळ्या. कापूस गुंडाळून तो खण मागच्या सीटवर ठेवला गेला. एका बाजूने ताई, दुसऱ्या बाजूने बाई तो धरून बसल्या. नाना पुढे.

थोरल्याने गाडी फाटकाबाहेर काढली आणि रस्ता लागताच खुळखुळे बोलू लागले. कापसातूनसुद्धा. दगड आला की घोडे, वळण आलं की पक्षी. मागे दोघी श्वास धरून बसत आणि आवाज थांबला की फिदीफिदी हसत. एक सायकलवाला पुढे गेला. मग काठी टेकत चाललेले एक आजोबा पुढे गेले आणि त्यांनी वळून आत पाहिलं. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजू लागले. नानांनी निळ्या बाहीचा हात खिडकीबाहेर काढला आणि सगळ्यांना ऐटीत खुणावलं, जा, पुढे जा.

"जरा वेग घे की," ते मुलाला म्हणाले. "पायी लवकर पोचलो असतो."

थोरल्याने होकारार्थी मान हलवली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग नीट धरलं, आणि पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात काही गेला नाही.